रापाला ओरिजिनल फ्लोटर, ९ सेंटिमीटर: फिनलंडचा लाकडी मासा चोडणच्या पाण्यात

रापाला कंपनीचा ओरिजिनल फ्लोटर हा नऊ सेंटिमीटर लांबीचा, चंदेरी अंगाचा आणि काळ्या पाठीचा लुअर, म्हणजे माशाच्या आकाराचे नकली आमिष, मी गेले चार हंगाम गोव्यातल्या मांडवी व शापोरा नद्या आणि त्यांना मिळणाऱ्या खाड्यांमध्ये वापरत आहे. एवढ्या काळात तांबोशी या शिकारी माशाच्या सुळ्यांनी त्याच्या अंगाला दोन भोके पाडली, चोणक या दुसऱ्या शिकारी माशाच्या कानशीसारख्या जबड्याने पोटाखालची चांदी घासून नेली आणि मूळचे गळ मी कधीच बदलून टाकले. तरीही पाण्यात तो पहिल्या दिवशी जसा चालत होता तसाच आज चालतो. या परीक्षणात मला मुख्यतः त्या चालीविषयीच लिहायचे आहे, कारण गिऱ्हाईक लुअर घेते ते रंग आणि चकाकी पाहून, पण पैसे मोजते ते चालीचे. आणि ही चाल मुळात कोणाला, कशी सुचली हे ठाऊक असेल तर ती राखायची कशी हेही आपोआप कळते. खोक्यावर छापलेल्या जन्मकथा मी सहसा वाचत नाही. या लुअरची जन्मकथा मात्र वाचावी, कारण ती एका अर्थी त्याची वापरपुस्तिका आहे.

आपल्याकडे गरी टाकणे म्हणजे आजही बहुतेकांच्या मनात खरे आमिष असते. जिवंत सुंगट (कोळंबी) किंवा शेवटा माशाचे पिल्लू, हातात दोरी आणि दोरीला शिशाचा तुकडा, एवढ्या सामग्रीवर खाडीकाठच्या कित्येक घरांचे रात्रीचे हुमण (माशाची आमटी) शिजले आहे. मी पहिल्यांदा असा लुअर पेटीतून काढला तेव्हा आमच्या वाड्यावरचे एक ज्येष्ठ गरीवाले, ज्यांना लहानथोर सगळे मामाच म्हणतात, त्यांनी तो तळहातावर घेतला, उलटसुलट करून पाहिला, नाकाशी नेऊन वास घेतला आणि विचारले, “लाकूड नुस्तें खातलें काय रे?” म्हणजे, मासा लाकूड खाईल का? प्रश्न रास्त होता. मासा वासाने येतो हा त्यांचा अनुभव, आणि सुंगटाच्या बाबतीत तो खोटा नाही. या लुअरला वास नाही आणि चवही नाही, त्यामुळे मामांना उत्तर द्यायचे तर ते पाण्यात ओढूनच द्यावे लागणार होते.

ते उत्तर मी पहिल्या खेपेला देऊ शकलो नाही, कारण त्याआधी मी स्वतःच एक चूक केली होती. एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेलो असताना एका दुकानात हुबेहूब असाच दिसणारा प्लास्टिकचा लुअर चौथाई किमतीत मिळाला. खोक्यावर बनवणाऱ्याचे नाव नव्हते आणि मीही विचारले नाही. काठावर उभे राहून पहिली फेक केली, रिळ फिरवायला लागलो, आणि तो लुअर एका कुशीवर आडवा होऊन भिरभिऱ्यासारखा गरगरू लागला. दहा-बारा फेकींत दोरीला इतके पीळ पडले की ती रिळावरून उडून वेटोळ्यांचा गोळा झाला, आणि तो सोडवता सोडवता भरतीची वेळ टळून गेली. दुसऱ्या दिवशी एक मासा लागला खरा, पण त्याने दोन हिसके देताच गळ सरळ सुईसारखा झाला. मामा शेजारीच बसले होते आणि त्यांच्या पिशवीत तीन काळुंदरे होती. रंग, डोळे, खवल्यांची जाळी हे सगळे त्या नकलेत होते. तरीही ती चालली का नाही, हे मला मूळ वस्तूची हकिकत कळल्यावर उमगले.

लाउरी रापाला यांचा जन्म १९०५ साली फिनलंडमध्ये झाला. त्यांच्या आडनावाविषयी असे सांगतात की लहानपणी ते आईबरोबर दुसऱ्या परगण्यात राहायला आले, तेव्हा तिथल्या पाद्रीला कुटुंबाचे आडनाव आठवेना, म्हणून त्याने ही मंडळी ज्या गावाहून आली त्या गावाचे नावच नोंदवहीत लिहून टाकले. पेडणेकर, नार्वेकर आणि डिचोलकरांच्या प्रांतात याचे कोणाला नवल वाटू नये. लाउरींना शेवटचा ‘कर’ तेवढा लागला नाही. (फिन्निश भाषेत जोर नेहमी पहिल्या अक्षरावर असतो, त्यामुळे तिथला उच्चार आपल्या उच्चारापेक्षा आखूड ऐकू येतो. मी इथे दुकानांत रूढ असलेला उच्चारच ठेवला आहे.) माणूस गरीब होता. लाकूडतोड, मोलमजुरी आणि मासेमारी हे त्यांचे उपजीविकेचे मार्ग होते, आणि मासेमारी चाले ती पैयान्ने या फिनलंडमधल्या दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या सरोवरात.

त्या मासेमारीतला त्रास आपल्या गरीवाल्यांना चटकन समजेल. वल्ही मारत नाव हाकायची, मागे दोऱ्या सोडायच्या आणि प्रत्येक गळाला लहानसा मासा टोचायचा. म्हणजे मोठा मासा धरण्याआधी लहान मासे धरण्यासाठी वेगळा वेळ घालवायचा, ते मेले किंवा गळावरून निसटले की पुन्हा टोचायचे, आणि हे सगळे पोटापाण्यासाठी. वल्ही मारता मारता लाउरी पाण्यात पाहत असत. लहान माशांच्या थव्यात एखादा मासा जरासा लंगडत, एका अंगाला झोल देत पोहत असतो, आणि खालून येणारा शिकारी मासा धडधाकट मासे सोडून नेमका त्याच्यावरच झडप घालतो, हे त्यांच्या लक्षात आले. तशा लंगड्या चालीने पोहणारा मासा बनवता आला तर गळाला रोज नवे आमिष टोचण्याचे काम वाचेल, हा सरळ पोटाचा हिशेब त्यांच्या शोधामागे होता.

१९३६ साली त्यांनी पहिला चालता लुअर तयार केला. अंग कॉर्कचे होते, ते मोच्याच्या सुरीने कोरले आणि काचपेपरने घासून गुळगुळीत केले. खवल्यांची चमक हवी म्हणून चॉकलेटच्या वेष्टनातली चांदी वर गुंडाळली. पाणी आत शिरू नये म्हणून रोगण हवे होते, पण विकतचे रोगण परवडण्यासारखे नव्हते, म्हणून छायाचित्रांच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप वरून दिला. घरात आणि शेजारीपाजारी जे टाकाऊ सापडले त्यातून हा मासा उभा राहिला. पुढे त्यांनी पाइनच्या सालीचेही लुअर कोरले. आज ज्या बाल्सा लाकडासाठी हा लुअर ओळखला जातो ते लाकूड नंतर आले. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की लाउरी प्रत्येक नग पाण्यात ओढून पाहत आणि त्याची चाल मनासारखी होईपर्यंत त्याला दुरुस्त करत राहत. मुले मोठी झाल्यावर तीही या कामाला लागली. कंपनी आजही प्रत्येक लुअर हाताने जुळवून टाकीतल्या पाण्यात तपासल्याचे खोक्यावर सांगते. माझ्या म्हापशाच्या नकलेत नेमकी हीच पायरी गाळलेली होती: तिच्या साच्यात माशाचा आकार तंतोतंत उतरला होता, पण तो मासा बाजारात येण्यापूर्वी कोणी पाण्यात ओढून पाहिला नव्हता.

पुढची कीर्तीची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी आलेल्या पाहुण्यांबरोबर हे लुअर फिनलंडबाहेर गेले, त्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटातल्या रॉन वेबर आणि रे ऑस्ट्रम या दोघांनी ते अमेरिकेत विकायला घेतले, आणि १७ ऑगस्ट १९६२ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात या लुअरवर लेख आला. त्या अंकाच्या मुखपृष्ठावर नुकत्याच निधन पावलेल्या मेरिलिन मन्रो होत्या, त्यामुळे अंक घरोघरी पोहोचला आणि त्याच्याबरोबर लुअरही. मागणी इतकी आली की घरगुती कारखान्याला ती झेपेना. लाउरी १९७४ साली वारले. २००० साली गळ बनवणारी फ्रान्सची व्हीएमसी ही कंपनी रापालाशी एकत्र आली, म्हणून आज खोक्यावर दोन्ही नावे दिसतात. गोव्यातल्या गरीवाल्याला या वाढीशी तसे कर्तव्य नाही. एवढेच की जगात ज्याची सर्वाधिक नक्कल झाली अशा लुअरांपैकी हा एक आहे, आणि म्हणून विकत घेताना डोळे उघडे ठेवावे लागतात.

आता प्रत्यक्ष वस्तू. नऊ सेंटिमीटरच्या या लुअरचे वजन अवघे पाच ग्रॅम आहे. हातात घेतल्यावर पहिली शंका हीच येते की यात काही आहे की नाही. बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतले, प्रामुख्याने इक्वाडोरमधून येणारे अतिशय हलके लाकूड, आणि लुअरची सारी मदार त्या हलकेपणावर आहे. तोंडाखाली जिभेसारखी पारदर्शक पट्टी असते. दोरी ओढली की पाणी त्या पट्टीवर आदळून तोंड खाली दाबते आणि अंग एका बाजूला झुकवते. झुकताच दाब दुसऱ्या बाजूला वाढतो आणि अंग तिकडे ढकलले जाते. जड अंगाला ही दिशा बदलायला वेळ आणि वेग दोन्ही लागतात. बाल्साचे अंग मात्र अगदी सावकाश ओढले तरी झुलू लागते. शापोऱ्याच्या काठावर, पाणी नितळ असताना, गुडघाभर पाण्यात मी तो पायांजवळून ओढून पाहिला आहे: डोके जवळजवळ स्थिर, शेपटी डावीउजवीकडे, आणि प्रत्येक झोल्यागणिक एका कुशीची चांदी क्षणभर चमकून विझते. अधूनमधून तो किंचित एका बाजूला सरकतो आणि पुन्हा मार्गावर येतो. लाउरींनी नावेतून पाहिलेले लंगडणे ते हेच असावे, असे मला त्या दिवशी वाटले.

या चालीचा खरा उपयोग कुठे होतो ते मांडवीतल्या चोडण बेटाच्या बाजूला एका मानशीजवळ कळले. खाजणांच्या, म्हणजे खाडीलगतच्या सखल शेतजमिनींच्या, बांधातल्या या दरवाजांची रचना वाचकांना माहीत असेलच: भरतीचे पाणी दार लोटून बंद करते आणि सुकती (ओहोटी) लागली की आतले पाणी दार उघडून नदीकडे वाहू लागते. त्या पाण्याबरोबर सुंगटे आणि शेवट्याची पिल्ले बाहेर येतात, आणि नदीच्या बाजूला अंधाऱ्या कोपऱ्यात चोणक दबा धरून असतो. मानशीवरच्या मासेमारीचे हक्क पावणी (लिलाव) करून दिलेले असतात, म्हणून ठेकेदाराला विचारल्याशिवाय तिथे गरी टाकू नये. मी विचारले, आणि त्यांनी दारापासून वीसेक पावले दूर उभे राहायला सांगितले. उधाणाचे दिवस होते, पाणी जोरात ओसरत होते. मी लुअर प्रवाहाच्या कडेला टाकला, दोन हात ओढला आणि थांबलो. हा लुअर तरंगणारा असल्यामुळे ओढ थांबताच तो हळूहळू वर येऊ लागतो, डोके किंचित खाली आणि शेपटी वर, जणू दमलेला मासा. तिसऱ्या फेकीत तो असाच वर येत असताना त्याच्याखाली पाणी फुगले, ‘टप्प’ असा तोंड मिटल्याचा पोकळ आवाज आला आणि काठी वाकली. तो चोणक दीड-दोन किलोचा असावा. मामांनी मासा पाहिला, मग लुअर पाहिला, आणि काही न बोलता तपकीर ओढली.

ओढताना जितके महत्त्व ओढीला तितकेच थांबण्याला आहे, हे मी या लुअरवर शिकलो. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक झडपा थांबलेल्या क्षणी आल्या. सतत रिळ फिरवत राहिले तर तो साधारण मीटर-दीड मीटर खोल जातो. सावकाश ओढले तर पृष्ठभागाखाली वीतभर राहतो. आपल्या खाड्यांतल्या उथळ, झाडांच्या मुळांनी भरलेल्या कडांसाठी ही खोली अगदी योग्य आहे. मुळांत अडकला तरी दोरी सैल सोडल्यावर तो बहुतेक वेळा स्वतःहून वर तरंगून मोकळा होतो. ज्यांनी बुडणारे महागडे लुअर खारफुटीच्या मुळांना वाहिले आहेत त्यांना या गुणाची किंमत सांगायला नको. मोकळा झाला नाहीच, तर मात्र तो सोडवायला पाण्यात उतरण्यापूर्वी जागा कोणती आहे ते आठवावे. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, आणि त्यांना लाकूड आणि माणूस यांतला फरक कळतो.

चाल बिघडली तर ती दुरुस्त करता येते, आणि या लुअरविषयी नव्या माणसाला सांगण्यासारखी सर्वांत उपयोगी गोष्ट हीच. नाकावर तारेची एक बारीक कडी असते, तिला दोरी बांधली जाते. मोठा मासा लागला, लुअर खडकावर आपटला किंवा पेटीत दाबला गेला की ही कडी केसभर वाकते आणि लुअर एका बाजूला ओढू लागतो. तुमच्याकडे येताना तो डावीकडे जात असेल तर त्याला तुमच्यासमोर धरून कडी बारीक पकडीने अगदी किंचित उजवीकडे वळवावी. उजवीकडे जात असेल तर डावीकडे. ‘किंचित’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. पहिल्यांदा मी जोर लावला आणि लुअर उलट बाजूला पळू लागला. मग अर्धा तास तो इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जुळवत बसलो. वळवावे, दोन हात ओढून पाहावे, पुन्हा वळवावे. लाउरी आपल्या सरोवराच्या काठी प्रत्येक नगाशी जे करत होते तेच आपल्याला पुन्हा करावे लागते, आणि म्हणूनच मी सुरुवातीला त्या कथेला वापरपुस्तिका म्हटले.

गाठ कशी बांधता यावरही चाल अवलंबून असते. कडीवर घट्ट बसणारी गाठ मारली तर नाक जखडले जाते आणि झोल मरतो. त्यासाठी सैल फासा राहील अशी गाठ मारावी; अशा एका गाठीला जगभरचे गरीवाले रापाला गाठ म्हणूनच ओळखतात, आणि ती शिकायला एक संध्याकाळ पुरते. जाड धातूची क्लिप लावू नये, कारण पाच ग्रॅमच्या लुअरला तिचे वजनही नाकात नथ घातल्यासारखे जाणवते. मात्र दोरी आणि लुअर यांच्यामध्ये दोन हातभर लांब, जाड आणि मजबूत दोरीचा तुकडा, म्हणजे लीडर, हवाच. चोणकाच्या कल्ल्याचे पाते धारदार असते आणि बारीक विणलेली दोरी ते सहज कापते. लीडर जाड केला की चाल थोडी मंदावते हे खरे. पण चोणकाच्या पाण्यात हा तोटा पत्करावा लागतो.

आता मर्यादा. पाच ग्रॅमचा हलका लुअर वाऱ्याविरुद्ध लांब जात नाही, आणि ही गोष्ट कोणत्याही युक्तीने पूर्ण सुटत नाही. दुपारनंतर समुद्रावरचा वारा सुटला की मोरजीच्या बाजूला, नदीच्या मुखाशी उभे राहून हा लुअर फेकणे म्हणजे लग्नातल्या अक्षता पंख्यासमोर टाकणे. मऊ टोकाची काठी आणि बारीक विणलेली दोरी असेल तर फेक बरीच सुधारते. जाड नायलॉनची दोरी आणि किनाऱ्यावरची लांबलचक ताठ काठी ज्यांच्याकडे आहे त्यांनी हा लुअर घेऊ नये, किंवा घेतलाच तर होडीमागे सोडून ओढावा. मुळात तो वल्हवत्या नावेमागे ओढण्यासाठीच जन्मला आहे, त्यामुळे होडीतून तो अप्रतिम चालतो. पहाट आणि संध्याकाळची शांत वेळ, अरुंद खाडी, दहा-पंधरा मीटरची फेक, ही त्याची खरी जागा.

दुसरी बाब खाऱ्या पाण्याची. हा लुअर गोड्या पाण्याच्या सरोवरातल्या माशांसाठी बेतलेला आहे, आणि त्याचे तीन टोकांचे गळही त्याच बेताचे आहेत. आपण तो खाडीत वापरतो, म्हणजे त्याच्या हेतूबाहेर वापरतो. म्हणून मी गळ बदलून गंज न धरणारे आणि जरा जाड तारेचे बसवले. यात एक पथ्य आहे: गळ फार जड घेतले तर तरंगणारा लुअर बुडू लागतो आणि त्याची सारी गंमत जाते. बादलीत टाकून पाहावे. पाठ पाण्याबाहेर राहिली तर ठीक. घरी आल्यावर नळाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. लहान चोणक सोडून देणार असाल, आणि सोडावेतच, तर पकडीने गळाच्या अकड्या दाबून टाकाव्यात म्हणजे मासा कमी फाटतो. चोणक लहानपणी नर असतो आणि मोठेपणी त्याची मादी होते. त्यामुळे फार मोठा मासाही सोडण्याचा विचार करायला हरकत नाही, जरी घरी ते पटवून देणे अवघड असले तरी.

बाल्सा मऊ आहे. तांबोशीचे सुळे लागले की वरच्या लेपाला भोक पडते, आणि तिथून पाणी आत गेले तर लाकूड फुगते, लेप सुटतो, चाल जाते. प्लास्टिकच्या लुअरला हे भय नसते. उपाय सोपा आहे: लुअर दोन दिवस पूर्ण वाळू द्यावा आणि भोकावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत. ही युक्ती करताना माझ्या लक्षात आले की नेलपॉलिशमध्ये नायट्रोसेल्युलोज असते, आणि जुन्या काळच्या अनेक फिल्मही नायट्रोसेल्युलोजच्याच असत. म्हणजे लाउरींनी निगेटिव्ह वितळवून जे केले, त्याच्या जवळपासचे काही मी बायकोच्या बाटलीतून करत होतो. बाटली परत जागेवर ठेवताना ब्रशला चिकटलेली चंदेरी कपची पुसून ठेवावी, एवढी सूचना अनुभवाने देतो.

आकार आणि रंगांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. सात सेंटिमीटरचा नग लहान खाडीत तांबोशीच्या पिल्लांना चालतो, पण तो चार ग्रॅमचा असल्यामुळे फेकणे आणखी कठीण. अकरा आणि तेरा सेंटिमीटरचे नग मोठ्या चोणकासाठी आणि होडीसाठी बरे. पाणी नितळ असेल तर चंदेरी आणि पावसाने गढूळ असेल तर सोनेरी, एवढे दोन रंग मला पुरले. बाकीचे रंग माशांपेक्षा गिऱ्हाईकांना अधिक लागू पडतात असे माझे मत आहे.

किंमत साधारण किलोभर बऱ्या सुंगटांएवढी पडते. हंगामभर आमिष विकत घेणाऱ्या माणसाला हिशेब सहज जुळतो. वर्षातून दोनदा हौसेने गरी टाकणाऱ्याने मात्र सुंगटावरच राहावे. घेताना खोका उघडून नाकाची कडी मध्यरेषेत आहे का, तोंडाखालची पट्टी सरळ बसली आहे का आणि लेपावर कुठे केसाएवढी चीर नाही ना, हे दुकानातच पाहावे. दुकानदाराने उघडू दिला नाही तर दुसरे दुकान गाठावे. नकला ओळखण्याची सोपी खूण वजनाची: त्याच लांबीची नक्कल हाताला बहुधा जड लागते.

मामांचे म्हणायचे तर त्यांनी हा लुअर अजून विकत घेतलेला नाही. गेल्या पावसाळ्यात, नदी लाल होऊन वाहत असताना, ते ओसरीवर बसून पांगाऱ्याच्या लाकडाचा तुकडा कोरताना दिसले. सावंतवाडीची खेळणी ज्याची करतात तेच हे हलके लाकूड. नातवाच्या चॉकलेटची चांदी त्यांनी वर गुंडाळली होती आणि तोंडाखाली बाटलीच्या प्लास्टिकची पट्टी बसवली होती. पहिला नग कुशीवर पडला, दुसरा बुडाला. तिसरा चालतो, मीच त्यांच्याबरोबर जाऊन पाहिला. फक्त अजून डावीकडे ओढतो. नाकाची कडी वळवायला म्हणून त्यांनी माझी बारीक पकड नेली, आणि ती अद्याप परत आलेली नाही.